परचुरेबाईंचा उजवा डोळा

हेमा परचुरे यांच्या वधूवर केंद्राला पाटी कधीच नव्हती. नारायण पेठेतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. त्यांतली पुढची खोली, चार खुर्च्या आणि एक दिवाण, एवढंच ते केंद्र. "परचुरेबाईंकडे नाव घातलंय" म्हटलं की पेठांमधल्या लोकांना पुढचं काही विचारावं लागत नसे.

त्यांनी हे काम सुरू केलं तेव्हा मुलींचे वडील बँकेतला किंवा सरकारी खात्यातला जावई मागत. एक्याण्णवनंतर मागण्या बदलत गेल्या. आधी 'संगणक शिकलेला' आला, मग 'कंपनीने परदेशी पाठवलेला'. हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्यावर तर मुलाचे वडील मुलाच्या नावाआधी कंपनीचं नाव सांगू लागले. पुढे लग्नं जुळवणारी संकेतस्थळं निघाली. आता आपल्या बायकोचं काम संपलं, असं दिगंबररावांना वाटलं. झालं वेगळंच. लोक संकेतस्थळावर स्थळ शोधत आणि ते घेऊन बाईंकडे येत. "तुम्ही एकदा बघून घ्या ना," म्हणत.

बघणं हेच बाईंचं काम होतं. दोन्हीकडच्या मंडळींना त्या समोरासमोर बसवत, चहा देत आणि गप्प राहून एकेकाचं तोंड न्याहाळत. "मुलगी 'हो' म्हणते तेव्हा मी तिच्याकडे बघतच नाही," त्या सांगत. "होणारी सासू बोलायला लागली की बघते." कधीकधी पाहुणे गेल्यावर त्या फोन करून सांगत, "हे नको. का ते विचारू नका, मलाही नीट सांगता यायचं नाही." रागावणारे रागावत, पण दुसरं स्थळ घेऊन पुन्हा त्यांच्याकडेच येत.

दिगंबरराव पाटबंधारे खात्यात कारकून होते. स्वभावाने भित्रे. कुलूप लावून दोन जिने उतरले की गॅस बंद केला का ते बघायला परत वर जायचे. घरातलं सगळं बाई ठरवत आणि त्यांना ते बरंच वाटे. ते निवृत्त झाल्यावर दोघं कर्वेनगरला एका सोसायटीत राहायला आले, आणि केंद्रही त्यांच्याबरोबर आलं. मुलगा सौमित्र सॉफ्टवेअरमध्ये होता. तो बायको आणि मुलगी स्पृहा यांच्यासह वाकडला राहायचा आणि रविवारी यायचा.

बाई सहासष्ट वर्षांच्या असताना, दोन हजार बारा साली, एका सकाळी त्या खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, हे गज वाकलेत. कारागिराला बोलवा."

दिगंबररावांनी गजांवरून हात फिरवला. "सरळ आहेत की."

"तुम्हाला गॅस बंद केलेला दिसत नाही, गज काय दिसणार!"

पण मग बाईंनी सहज एक डोळा झाकला, मग दुसरा. डाव्या डोळ्याने गज सरळ होते. उजव्याने बघितलं की प्रत्येक गज मधोमध कमरेत वाकल्यासारखा दिसे, आणि जिथं वाकत होता तिथं राखाडी डाग होता. त्यांनी डोळा चोळला, पाणी मारलं. डाग गेला नाही. कारागिराला बोलवायचं राहिलं आणि दोघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर नम्रता केळुसकर या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, तज्ज्ञ. वयाने सौमित्रएवढ्या, बोलायला सरळ. त्यांनी तपासलं, यंत्रात फोटो काढले आणि स्क्रीनवर बोट ठेवून समजावलं. "काकू, डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्याचा अगदी मधला भाग बारीक बघण्यासाठी असतो. अक्षरं, सुईचं नेढं, माणसाचा चेहरा. त्या भागाच्या मागे पेशींचा एक पातळ थर असतो, तो पडद्याला पोसतो. वयामुळे तुमचा तो थर मधोमध मरायला लागलाय. तो मेला की वरचा पडदाही जातो."

"औषध?"

"याचा एक ओला प्रकार असतो, त्याला इंजेक्शनं आहेत. तुमचा कोरडा आहे. त्याला आज तरी औषध नाही. गोळ्या देते, वेग कदाचित थोडा कमी होईल."

"आणि डावा?"

"डाव्यातही सुरुवात आहे. पण कडेचं दिसणं राहील, काकू. घरात वावरता येईल, रस्ता कळेल. पूर्ण अंधार होणार नाही."

"म्हणजे भिंती दिसतील आणि माणसं दिसणार नाहीत," बाई म्हणाल्या.

पुढच्या दोन वर्षांत तसंच होत गेलं. उजव्या डोळ्यातला डाग वाढला, डाव्यातही आला. समोर माणूस उभं राहिलं की बाईंना त्याचे खांदे दिसत, केस दिसत, साडीचे काठ दिसत. चेहऱ्याच्या जागी धुरकट काहीतरी असे. त्यांनी हे कुणाला कळू दिलं नाही. दार उघडलं की "या, या" म्हणून त्या थांबत. समोरचा बोलला की आवाजावरून ओळखत. ओळख पटली नाही तर दिगंबरराव आतून मोठ्याने म्हणत, "अगं, शनिवारातले साठे आलेत का?" दोघांची ही रीत न ठरवताच पडली होती. दिगंबरराव त्या काळात घराबाहेर पडायलाही घाबरत. आपण भाजी आणायला गेलो आणि तेवढ्यात कुणी आलं तर?

तशातच श्रद्धाचं स्थळ आलं. मुलगी हिंजवडीला नोकरी करणारी, मुलगा तिथलाच. घरी बैठक झाली. बाईंना मुलीची खाली घातलेली मान दिसली. तिचा आवाज बारीक येत होता. पाहुणे गेल्यावर मुलीच्या आईने विचारलं, "काय वाटतं, बाई?"

"लाजाळू आहे जरा. चांगलं आहे स्थळ."

दिगंबररावांनी मात्र त्या मुलीचं तोंड पाहिलं होतं. ती बैठकभर रडू दाबत होती. आपण काही बोलावं असं त्यांना वाटलंही, पण बायकोच्या कामात ते आजवर कधी बोलले नव्हते. लग्नाच्या आदल्या दिवशी श्रद्धा येरवड्याला मैत्रिणीकडे निघून गेली आणि लग्न मोडलं. तिचं दुसऱ्या कुणाशी काही नव्हतं. तिला तो मुलगा नको होता आणि घरात कुणी ऐकून घेत नव्हतं, एवढंच. तिचे वडील कर्वेनगरला येऊन बाईंना म्हणाले, "तुम्ही बघितलंत म्हणून आम्ही हो म्हटलं."

ते गेल्यावर दिगंबरराव हळूच म्हणाले, "ती रडत होती, हेमा."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, तुला दिसलं असेल."

बाई मग म्हणाल्या, "मला दिसत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?" त्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना कळवलं, की परचुरेबाईंकडे आता नावं घेत नाहीत.

केंद्र बंद झालं आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. बाई दिवाणावर बसून राहत. टीव्ही ऐकत. स्पृहा रविवारी येई, गळ्यात पडे. तिचा चेहरा बाईंच्या मनात तीन वर्षांचाच राहिला होता, आणि मुलगी तर आता शाळेत जात होती. एकदा त्या सौमित्रला म्हणाल्या, "हिचं नाक कुणासारखं झालंय रे?" तो घरी गेला आणि इंटरनेटवर शोधत बसला.

पुढच्या रविवारी तो उत्साहाने आला. "आई, पुण्यातच एक क्लिनिक आहे. स्टेम सेल्स. तुझ्याच पोटातली थोडी चरबी काढतात, त्यातून पेशी वेगळ्या करतात आणि डोळ्यात सोडतात. एका दिवसात घरी. किती लोकांचे व्हिडिओ आहेत बघ, सगळ्यांना दिसायला लागलंय."

बाईंनी व्हिडिओ ऐकले. एक म्हातारा रडत रडत सांगत होता की त्याला आता पेपर वाचता येतो. बाईंनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. बाईंनी क्लिनिकला जाऊन चौकशी करायचं ठरवलं.

क्लिनिक एका नव्या उंच इमारतीत होतं. गार हवा, मऊ सोफे, मंद वास. एक गोड बोलणारा तरुण त्यांच्यासमोर बसला.

"दोन्ही डोळ्यांत करायचं?" बाईंनी विचारलं.

"हो आजी, एकाच फेरीत. परत यायचा त्रास नको."

"आणि बिघडलं तर?"

"काही बिघडत नाही. तुमच्याच शरीरातल्या पेशी आहेत ना! तुमचं शरीर त्यांना कसं नाकारेल?"

एरवी असं बोलणाऱ्या माणसाला बाईंनी चहा देऊन वाटेला लावलं असतं. त्या दिवशी त्या फक्त म्हणाल्या, "कधी करता?" पुढच्याच आठवड्यातली तारीख मिळाली. घरी येताना गाडीत त्या सारखं बोलत होत्या, कितीतरी महिन्यांनी. डोळे आले की आधी काय काय बघायचं, ते सांगत होत्या. दिगंबरराव मागच्या सीटवर बसले होते. एकाच फेरीत, दोन्ही डोळे, हेच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी दूध आणायला म्हणून ते बाहेर पडले आणि थेट डॉक्टर केळुसकरांकडे गेले. बायकोला न सांगता केलेलं हे त्यांचं बहुधा पहिलंच काम. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"काका, चरबीतल्या पेशी म्हणजे पडद्यामागच्या थराच्या पेशी नव्हेत. त्या डोळ्यात सोडल्या म्हणून तो थर तयार होत नाही. आणि दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी कुणीही शहाणा डॉक्टर प्रयोग करणार नाही. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या असंच कुठंतरी करून. दोन्ही पडदे सुटले होते. मला काही करता आलं नाही."

"आता काय दिसतं त्यांना?"

"दिवस आहे की रात्र, तेही कळत नाही."

दिगंबरराव घरी आले ते दूध न घेताच. बाईंनी पिशवीचा आवाज आला नाही म्हणून विचारलं, "दूध?"

"हेमा, तिथं जायचं नाही."

"काय म्हणालात?"

"त्या क्लिनिकला जायचं नाही." आणि त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

बाईंचा आवाज चढला. "भाजी कुठली आणायची ते मला विचारून जाता तुम्ही. आज एकदम माझे डोळे ठरवायला निघालात?"

"त्या बाईला उजेडही कळत नाही आता. तुला निदान मी दारात उभा आहे, हे तरी दिसतं."

"तुम्ही नाही दिसत मला. दारात एक शर्ट उभा दिसतो."

त्यानंतर घरात बोलणंच बंद झालं. सौमित्र दोघांच्या मध्ये सापडला. आपणच हे शोधून आणलं आणि आता बाबा म्हणतात ते खरं असेल तर, या विचाराने त्याचंही कामात लक्ष लागेना. पण आईला 'नको' म्हणण्याचं धैर्य त्याला होईना. तारखेच्या सकाळी तो गाडी घेऊन आला तेव्हा बाई साडी नेसून, पर्स घेऊन तयार होत्या. आणि दिगंबरराव घराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते.

"बाबा, बाजूला व्हा ना."

"मला ओलांडून घेऊन जा तिला."

ते ओरडले नाहीत. नुसते बसून राहिले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. बाई दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. त्यांना खुर्ची दिसत होती, पांढरा शर्ट दिसत होता. नवऱ्याचा श्वास जोरात चाललेला त्यांना ऐकू येत होता. शेवटी बाई मागे वळल्या आणि पर्स दिवाणावर टाकली. "सौमित्र, जा तू ऑफिसला."

यावर पुढे त्या एवढंच म्हणत, "चाळीस वर्षांत माणूस पहिल्यांदा आडवा आला. म्हटलं, काहीतरी असेल." ते क्लिनिक वर्षभराने तिथं राहिलं नाही. त्याच सोफ्यांवर आता टकलावर केस लावून घेणारे लोक बसत होते.

दोन हजार सतराच्या पावसाळ्यात डॉक्टर केळुसकरांनी दोघांना बोलावून घेतलं. पुण्यातल्याच एका मोठ्या डोळ्यांच्या इस्पितळात एका नव्या उपचाराची चाचणी सुरू होणार होती. पडद्यामागच्या थराच्या पेशी प्रयोगशाळेत तयार करून त्या बारीक सुईने पडद्याखाली ठेवायच्या. मोजक्याच रुग्णांवर. परवानग्या रीतसर होत्या, बाहेरची समिती लक्ष ठेवणार होती, आणि रुग्णाला पैसे भरायचे नव्हते.

"पेशी पेरायच्या म्हणजे," बाई म्हणाल्या.

"तसंच म्हणा. पण उगवतीलच असं नाही. मी स्पष्ट सांगते, काकू. आत्ता आम्हाला एवढंच बघायचंय की त्या तिथं टिकतात का, आणि डोळ्याला अपाय करत नाहीत ना. दिसायला लागेल असं मी म्हणत नाही. जो डोळा जास्त गेलाय तोच घेणार, म्हणजे उजवा. डाव्याला हात लावणार नाही. पेशी तुमच्या स्वतःच्या नसतील, म्हणून शरीराने त्या नाकारू नयेत यासाठी काही महिने प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घ्यावी लागतील, म्हणजे साधा तापही जड जाऊ शकतो. पडदा फाटू शकतो. उजव्या डोळ्याचं कडेचं उरलेलं दिसणंही जाऊ शकतं."

दिगंबररावांनी विचारलं, "मग करायचं कशाला?"

"तुमच्यासाठी नाही, पुढच्यांसाठी, असं धरून करायचं. तसं जमत नसेल तर करू नका. मला काही वाटणार नाही."

घरी येताना रिक्षात दिगंबरराव म्हणाले, "मागे मी दारात बसलो, आठवतंय ना?"

"आठवतंय. या वेळी बसू नका."

"का?"

"तिथं बिघडत नाही म्हणाले. इथं काय काय बिघडेल, ते डॉक्टरांनी न विचारता सांगितलं. जे आपणहून उणं सांगतात त्यांच्या घरी मुलगी द्यायला मी कधी घाबरले नाही." मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "घाबरले आहेच म्हणा. पण नुसतं बसून डाग वाढायची वाट बघण्यापेक्षा हे घाबरणं बरं."

सौमित्रने संमतीचे कागद आईला सगळे वाचून दाखवले, मराठीतले आणि इंग्रजीतलेही. मध्येमध्ये त्याचा आवाज अडकत होता. बाई म्हणाल्या, "वाच ना नीट. तुझी परीक्षा नाहीये."

शस्त्रक्रिया डोळ्याभोवतीचा भाग बधिर करून झाली. बाई जाग्या होत्या. चेहऱ्यावर कापड होतं, कानाशी यंत्राची टिकटिक होती. उजव्या डोळ्यात मधूनच उजेड हलत होता, पाण्याखालून बघितल्यासारखा. "आता अजिबात हलू नका, काकू," डॉक्टर केळुसकर म्हणाल्या, आणि बाईंनी श्वासही रोखून धरला. खोकला आला तर काय, या एकाच भीतीने त्यांचं अंग घामाने भिजलं. बाहेर दिगंबररावांनी चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही. आत कुणी धावत गेलं की ते उभे राहत. सौमित्र त्यांना खाली बसवे.

"झालं," असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे चांगलं झालं ना?"

"पेशी ठेवल्या. चांगलं झालं का ते कळायला महिने जातील."

ते महिने दिगंबररावांनी पहारेकऱ्यासारखे काढले. औषधांमुळे बाईंना संसर्गाची भीती होती, म्हणून शिंक आलेल्या माणसाला ते दारातूनच परत पाठवत. मोलकरणीला हात धुवायला लावत, मग स्वतः धुवत, मग दाराची कडी पुसत. स्पृहाला सर्दी झाली तेव्हा तिला लिफ्टपाशीच थांबवलं. ती तिथूनच ओरडली, "आजी, मी आलेय!" आणि बाई आतून म्हणाल्या, "अहो, सोडा तिला." दिगंबररावांनी सोडलं नाही.

थंडीत एका दुपारी बाई हॉलमध्ये मटार सोलत बसल्या होत्या. उजव्या डोळ्यात काळे ठिपके उडायला लागले. आधी त्यांना वाटलं चिलटं आहेत. मग एका बाजूने सावली चढू लागली. त्यांनी परात बाजूला ठेवली आणि त्या तशाच बसून राहिल्या. बोललं की ते खरं होईल, असं त्यांना वाटत होतं.

"काय झालं?" दिगंबररावांनी विचारलं. मटार सोलायचे थांबल्याचं त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"कडेनं काहीतरी येतंय."

रिक्षा मिळाली. कर्वे रस्त्यावर मेट्रोचं काम चाललं होतं. पत्रे लावून अर्धा रस्ता बंद केलेला आणि उरलेल्या अर्ध्यात सगळं पुणं अडकलेलं. रिक्षा हलेना. दिगंबरराव सारखे विचारत, "वाढतंय का? आत्ता वाढतंय का?" बाईंनी शेवटी त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "विचारू नका. मी तिकडे बघतच नाहीये." पण त्या बघत होत्या. त्या डोळ्यात मधलं दिसणं कधीच गेलं होतं. कडेचं तेवढं उरलं होतं आणि ते आता जात होतं, आपल्याच निर्णयाने. रिक्षावाल्याने न सांगता गाडी गल्लीत घातली आणि कुठल्याशा सोसायट्यांच्या मागून त्यांना इस्पितळात पोचवलं.

डॉक्टरांनी दिवा लावून बराच वेळ बघितलं.

"पडदा एका जागी फाटलाय," त्या म्हणाल्या. "थोडं रक्त आलंय, ती सावली त्याची. पण पडदा अजून सुटलेला नाही. वेळेत आलात. आत्ताच लेसर करू."

त्याच संध्याकाळी फाटलेल्या जागेभोवती लेसरने टाके घातल्यासारखं केलं. सावली उतरायला आठवडे लागले. त्या आठवड्यांत दिगंबरराव रोज सकाळी उठल्याउठल्या बोटं नाचवून विचारत, "इकडून दिसतंय?" आणि बाई म्हणत, "दिसतंय. आणि तुमची नखं वाढलीत."

शस्त्रक्रियेला सहा-सात महिने झाल्यावर मोठी तपासणी झाली. पेशी जागेवर होत्या, फोटोत त्यांचे गडद ठिपके दिसत होते. तक्त्यासमोर बसवलं तेव्हा, जिथं उजव्या डोळ्याने पूर्वी एकही अक्षर कळत नव्हतं, तिथं बाईंनी वरची मोठी अक्षरं मान तिरकी करून वाचली. सौमित्रने आनंदाने वडिलांचा खांदा दाबला.

डॉक्टर मात्र सावध होत्या. "हे पेशींमुळे, की काकू कडेनं बघायला शिकल्या म्हणून, हे आज मला सांगता येणार नाही. डाग वाढायचा थांबलाय असं वाटतं. तेही अजून बघावं लागेल."

त्या रविवारी स्पृहाला बाईंनी खिडकीशी उजेडात उभं केलं. डावा डोळा झाकला. मान एका बाजूला वळवली, पुन्हा थोडी वळवली. एक भुवई दिसली. केसांत लावलेली पिन दिसली. हनुवटीचा थोडा भाग. सगळं एकत्र येईना.

"आजी, तू माझ्या कानाकडे का बघतेस?"

"तिकडूनच दिसतेस तू."

"मग दिसले का?"

"थोडी," बाई म्हणाल्या. "भुवई तुझ्या आजोबांची आहे. बिचारी." स्पृहा हसली. बाईही हसल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. तिथं त्या बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या. दिगंबरराव आत जाऊन नुसते शेजारी उभे राहिले.

डाव्या डोळ्याचं उतरणं चालूच राहिलं. उजव्यात जे थोडं आलं होतं ते टिकलं, वाढलं नाही. इस्पितळातल्या एका प्रशिक्षिकेने त्यांना कडेच्या दिसण्याचा उपयोग कसा करायचा, भिंग कसं धरायचं, हे शिकवलं. बाई त्यात हळूहळू तयार झाल्या. पण प्रत्येक तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. पेशी मेल्या तर? त्यांचं भलतंच काही झालं तर? हे प्रश्न त्यांनी डॉक्टरांना विचारले होते. उत्तर दर वेळी तेच होतं, "अजून तरी नाही. बघत राहायचं."

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात अशाच एका तपासणीला दोघं बाकावर बसले होते. शेजारी एक वयस्क जोडपं होतं. गृहस्थ सारखे हातातल्या टोपीची घडी मोडत होते. त्यांच्या बायकोनेच बोलणं काढलं. ती मुक्ताई, ते नागोराव. मूळचे परभणीकडचे, मुलगा योगेश आयटीत लागला म्हणून आता येरवड्याला राहत होते. नागोरावांना पुढच्या गटात घेणार होते. ज्यांचं झालंय त्यांच्याशी बोलायचं असेल तर बोला, असं डॉक्टरांनीच त्यांना सुचवलं होतं. बाईंचीही त्याला हरकत नव्हती.

"बाई, खरं सांगा," नागोराव पुढे झुकून म्हणाले. "दिसायलंय का?"

बाईंनी मान तिरकी केली. त्यांना पांढरा सदरा दिसला, टोपी दिसली, मिशीचं एक टोक दिसलं.

"तुमचं तोंड दिसत नाही मला," त्या म्हणाल्या. "मिशी आहे हे कळतं, तीही एकाच बाजूची. आधी या डोळ्याला तेवढंही कळत नव्हतं. मध्ये पडदा फाटला होता. तेव्हा सगळंच जातंय असं वाटलं. ती दुपार मी विसरणार नाही."

नागोरावांनी टोपीची पुन्हा घडी घातली. मग म्हणाले, "मग केलं म्हणून पस्तावा होत नाही?"

"रिक्षात झाला होता. आत्ता नाही. उद्याचं माहीत नाही."

"आमचा योगेश म्हणतो, करून टाका. मला काय करावं कळंना. रात रात झोप येत नाही."

"करा असं मी म्हणणार नाही, नकोही म्हणणार नाही. आत जाऊन डॉक्टरांना विचारा, की काय काय बिघडू शकतं. सगळं विचारा. त्या कंटाळत नाहीत."

मुक्ताई इतका वेळ ऐकत होती. तिने बाईंच्या हातावर हात ठेवला. "ताई, दुखतंय का लई?"

"दुखत नाही. भीती वाटते. ती यांनाही वाटेल, तुम्हालाही." बाईंनी शेजारी दिगंबररावांकडे हनुवटी केली. "यांनी माझ्यापेक्षा जास्त सोसलंय."

दिगंबरराव संकोचून म्हणाले, "छे, मी काय केलं? मी नुसता बसून होतो."

नर्सने नागोरावांचं नाव पुकारलं. मुक्ताई आधी उठली, मग तिने नवऱ्याच्या कोपराला धरलं. दोघं आत गेले आणि दार लागलं.

"काय करतील गं ते?" दिगंबररावांनी विचारलं.

"कसं सांगू?"

थोड्या वेळाने दुसरी नर्स आली आणि बाईंच्या डोळ्यांत थेंब घालून गेली. बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो. बाई डोळे मिटून, मान मागे टेकवून बसल्या, आणि दिगंबररावांनी त्यांच्या हातातली पर्स आपल्या मांडीवर घेतली.